ऑपरेशन चांगलं झालं, मग पाय का हलत नाहीत?

(रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देत आहोत.)

माझा धाकटा भाऊ, वय ३१, एप्रिलमध्ये आंबे काढताना कलमावरून पडला. पाठ गडग्यावर आपटली. मी धावत पोचलो तेव्हा शुद्धीवर होता. ‘दादा, माझे पाय कुठे आहेत?’ एवढंच म्हणाला. आम्ही तिघांनी त्याला उचललं, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून रस्त्यापर्यंत आणलं आणि पुढे गाडीने इस्पितळात नेलं. पाठीचा दहावा मणका चुरला होता. ऑपरेशन करून रॉड आणि स्क्रू घातले. ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, पण चार महिने झाले तरी कमरेखाली काही कळत नाही. लघवीला कायमची नळी आहे. दोन महिन्यांपासून मात्र पाय आपोआप उडतात, गुडघा दुमडतो. पाय जळतात असंही तो म्हणतो. शिरा जाग्या होतायत असं आम्हाला वाटतं. आई रोज तेल चोळून विटेचा शेक देते. शहरात एका ठिकाणी स्टेम सेलची इंजेक्शनं देतात, खर्च काही लाख. माझ्या वाट्याची कलमं विकायची माझी तयारी आहे. भावजय म्हणते, पैसे असतील तर आधी घरात संडास-बाथरूम बांधा. तिने आशाच सोडली की काय? माकडहाडाजवळ एक लाल डाग आलाय, तो जात नाही. त्याला झाडावर मी चढवलं, मोटारसायकलवरही मीच बसवलं. हे माझ्यामुळे झालं का? आणि कलमं विकू का?

---

तुम्ही लाल डागाचा उल्लेख जाता जाता केलात. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांना आठवडाभर थांबवता येईल, याला नाही.

डागावर बोट दाबून उचला. क्षणभर पांढुरका होत नसेल, दाबूनही तसाच राहत असेल, तर आतलं मांस दबून खराब व्हायला लागलंय. सावळ्या कातडीवर तो लाल न दिसता जांभळट किंवा काळपटही दिसतो. म्हणून हात लावून पाहा: भोवतालपेक्षा गरम, टणक किंवा पिळपिळीत लागतं का? डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर भार नको, म्हणजे उताणं झोपणं बंद आणि त्या जागेवर टेकून बसणंही बंद. या कुशीवरून त्या कुशीवर दर दोन तासांनी वळवायचं, रात्रीसुद्धा. गजर लावा आणि पाळ्या वाटून घ्या. डाग चोळायचा नाही, त्यावर स्पिरिट किंवा पावडर लावायची नाही. दुकानदार हवेची गोल रिंग देईल, ती घेऊ नका. रिंगेच्या कडांनी भोवतालचा रक्तपुरवठा आणखी दाबला जातो. एक-दोन दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा, आणि कातडी फाटली किंवा फोड आला तर त्याच दिवशी. वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत हाडापर्यंत गेलेली मी पुनर्वसन विभागात पुष्कळदा पाहिली आहे. ती भरायला महिने जातात आणि तेवढे महिने माणूस अंथरुणात अडकतो.

आणि विटेचा शेक आजपासून बंद. आईंच्या मायेबद्दल शंका नाही, पण भावाच्या पायांना चटका कळत नाही. तुम्हा-आम्हाला वीट गरम लागली की पाय मागे जातो. त्याची कातडी भाजत राहील आणि तो गप्पा मारत बसेल. गरम पाण्याची पिशवी, चूल, मोटारसायकलचा सायलेन्सर, मांडीवर ठेवलेली चहाची किटली, सगळ्यांना हाच नियम. आंघोळीचं पाणी आधी दुसऱ्या कुणीतरी कोपराने तपासायचं. तेल लावायचंच तर हलक्या हाताने. भार न पडल्याने पायांची हाडं काही महिन्यांतच विरळ होत जातात. जोर लावून चोळताना किंवा पाय पिळताना हाड मोडलं तर दुखणार नाही, नुसती सूज दिसेल. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली तर हाड मोडलेलं असू शकतं किंवा शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. दोन्हींत घरी थांबायचं नसतं.

आता तुमचा खरा प्रश्न. पत्र दोनदा वाचलं तेव्हा दिसलं की कलमं विकण्याच्या प्रश्नामागे ‘माझ्यामुळे झालं का’ हा प्रश्न उभा आहे. खोटा दिलासा देत नाही. पाठीला मार लागलेल्या माणसाला बसवून, वाकवून नेणं चूकच; तुटलेल्या मणक्याचा तुकडा हलून इजा वाढू शकते. पण तुम्हीच लिहिलेला क्रम बघा. पाय कुठे आहेत हे त्याने तुम्हाला झाडाखाली विचारलं, तुम्ही त्याला हात लावण्याआधी. म्हणजे मज्जारज्जूला, कण्याच्या आतून जाणाऱ्या नसांच्या दोराला, मार बसला तो गडग्यावर पाठ आपटली त्या क्षणी. मोटारसायकलने त्यात किती भर घातली हे आज कुणीच सांगू शकणार नाही, आणि त्या शंकेपायी बाग विकण्यात अर्थ नाही. चढायला तुम्ही सांगितलंत हे खरं. हंगामात कोकणातल्या प्रत्येक बागेत कुणीतरी कुणाला तरी तेच सांगत असतो. बदलायचंच असेल तर पुढच्या हंगामात बदला: दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवायची लांब काठीची जाळी, वापरून बराचसा आंबा जमिनीवरूनच उतरवता येतो. शेंड्याच्या चार पेट्यांसाठी माणूस चढवू नका.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: झाडावरून, माडावरून, छपरावरून, विहिरीत किंवा दुचाकीवरून पडलेल्या माणसाला मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, मुंग्या येत असतील, हलत नसतील, तर आहे तिथेच राहू द्या. श्वास घेताना छाती न हलता नुसतं पोट वर-खाली होत असेल तर मार मानेला आहे असं समजा. १०८ ला फोन करा. माणूस बेशुद्ध असेल तरीही कणा मोडलाय असंच धरून चाला. उचलल्याशिवाय गत्यंतरच नसेल, म्हणजे आग किंवा पाणी असेल, गाडी येऊच शकत नसेल, तर एकाने डोकं आणि मान दोन्ही हातांत धडाच्या सरळ रेषेत धरायची, बाकीच्यांनी त्याच्या इशाऱ्यावर अख्खं शरीर ओंडक्यासारखं एकदम कुशीवर वळवायचं आणि खाली दाराची फळी सरकवायची. चादरीची झोळी नको, कारण तिच्यात पाठ वाकते. पाणी पाजू नका.

ऑपरेशनबद्दल. ‘चांगलं झालं’ असं डॉक्टर म्हणाले ते खरंच होतं. तुम्ही त्याचा अर्थ पाय परत येणार असा घेतलात. आणि ही गफलत जवळपास प्रत्येक घरात होते, कारण ऑपरेशन थिएटरच्या दारात उभं राहून कुणी नीट समजावत नाही. मणके म्हणजे हाड. त्यांच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू मेंदूपासून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत उतरतो. निसर्ग चक्रीवादळानंतर तुमच्या जिल्ह्यात विजेचे खांब पुन्हा उभे केले. खांब उभा राहिला म्हणून तुटलेल्या तारेतून वीज वाहत नाही. रॉड आणि स्क्रूंनी कणा पक्का झाला, रज्जूवरचा दाब निघाला, त्यामुळेच आज त्याला बसवता येतं, फिजिओथेरपी करता येते. रज्जू मात्र त्या ऑपरेशनने शिवला जात नाही, आणि कुठल्याच ऑपरेशनने अजून तरी शिवला जात नाही.

मार जितका वर तितकं जास्त जातं. मानेत लागलं तर हातही जातात. मानेच्या अगदी वरच्या भागात लागलं तर श्वाससुद्धा, कारण श्वासपटलाच्या नसा तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघतात. उथळ पाण्यात सूर मारणारी पोरं आणि मळणी यंत्रात पदर किंवा ओढणी अडकलेल्या बाया अशाच मानेच्या इजेने येतात. तुमच्या भावाचे हात, छाती, श्वास शाबूत आहेत. पुढच्या आयुष्याचा फार मोठा भाग या एका गोष्टीवर उभा राहणार आहे.

पाय उडतात त्याबद्दल मला तुमचं मन मोडावं लागतंय. मार लागल्यावर पहिले काही आठवडे रज्जूचा खालचा भाग सुन्न होतो, पाय लुळे पडतात. मग तो भाग जागा होतो, पण वरून मेंदूचा लगाम उरलेला नसतो, म्हणून स्नायू आपोआप आखडतात, उडतात. जळजळही तशीच, ती खरी असते, खोटी समजू नका, तिच्यावर वेगळी औषधं असतात, पण ती पाय परत येण्याची खूण नव्हे. उडणं एकाएकी वाढलं तर शोध घ्या: मूत्राशय भरलंय, नळी पिळली गेलीय, पोट साफ नाही, कुठे जखम आहे, नख आत वाढलंय किंवा लघवीत जंतुसंसर्ग झालाय. ज्याला दुखणं कळत नाही त्याचं शरीर असं बोलतं. तो लाल डागही याच यादीत येतो.

सुधारणेची खरी खूण कुठे पाहायची? डॉक्टर गुदद्वाराभोवती टाचणीने आणि बोटाने तपासतात. लोकांना त्याचा संकोच वाटतो, पण सगळ्यात महत्त्वाची तपासणी तीच. तिथे थोडी जरी संवेदना असेल किंवा तो स्नायू मनाने आवळता येत असेल, तर इजा अपुरी आहे आणि आशेला आधार आहे. काहीच नसेल तर इजा पूर्ण, म्हणजे ‘ए’ श्रेणी. डिस्चार्जच्या कागदावर ‘एएसआयए’ लिहून पुढे ए पासून ई पर्यंतचं एक अक्षर असतं, ते शोधा. ही तपासणी आता पुन्हा करून घ्या, कारण पहिल्या दिवसांतल्या निष्कर्षावर चार महिन्यांनी अवलंबून राहता येत नाही. आजही ‘ए’च निघालं, तर पुढे थोडीफार सुधारणा काहींत होते, पण चालण्याइतकी ताकद परत येणारे फार थोडे असतात. हे तुम्हाला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं.

कलमं विकू नका. स्टेम सेलवर, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशींवर, जगभर प्रामाणिक संशोधन सुरू आहे, पण कण्याच्या इजेसाठी ते अजून सिद्ध उपचार नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा त्या ठिकाणी एवढंच विचारा: ही चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का, क्रमांक काय, आणि असेल तर आमच्याकडून लाखो रुपये कशाबद्दल? उत्तरादाखल बरे झालेल्या रुग्णांचे व्हिडिओ दाखवू लागले तर उठून या.

मग तुमच्या भावजयीचं म्हणणं. तिने आशा सोडली असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, घरात तिला एकटीलाच सगळं समजलंय. पहिल्या महायुद्धाच्या काळात कणा मोडलेले बहुतेक सैनिक लवकरच दगावत. ते जात ते पाय गेल्यामुळे नव्हे. अंथरुणातल्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्यांना मारत. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन यांनी कण्याच्या रुग्णांसाठी विभाग उघडला. कूस बदलत राहा, मूत्राशय सांभाळा, माणसाला कामाला आणि खेळाला लावा, अशी त्यांची शिस्त होती. रज्जू त्यांनाही जोडता आला नाही, तरी माणसं जगू लागली, पुढे कित्येक वर्षं जगली. बाथरूम मागणारी तुमची भावजय याच रांगेतली आहे.

लघवीची कायमची नळी सोयीची वाटते, पण तिच्यामुळे संसर्ग, खडे, मूत्रमार्गाला जखम हे चक्र सुरू होतं. त्याचे हात चांगले आहेत, तेव्हा स्वतः नळी घालून ठरावीक वेळाने मूत्राशय रिकामं करायची पद्धत, दवाखान्यात जिला ‘सीआयसी’ म्हणतात, त्याला शिकता येईल का हे विचारा. दिवसातून चार ते सहा वेळा, एका वेळी साधारण ४०० ते ५०० मिलिलीटरपेक्षा जास्त साठू द्यायचं नाही, हात साबणाने धुवायचे. थोड्या दिवसांत हात बसतो. ताप, थंडी, गढूळ किंवा घाण वासाची लघवी दिसली तर थांबू नका, आणि वर्षातून एकदा तरी मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन ही रक्ताची तपासणी करून घ्या. शौचासाठी रोज एकच वेळ ठरवा, चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने. आतड्याला त्याची सवय लागते.

आता बांधकाम. व्हीलचेअरसाठी उतार एकास बारा लागतो. तुमच्या घराचं जोतं दोन फूट असेल तर उतार २४ फूट लांब होईल. सरळ रेषेत जागा नसेल तर खळ्याच्या कडेने वळवा आणि वळणावर सपाट जागा ठेवा. दार ९० सेंटिमीटर रुंद, उंबरठा काढून टाकलेला, कमोड खुर्चीच्या उंचीचा, बाजूला पक्की दांडी आणि खुर्ची वळेल एवढी मोकळी जागा. गवंड्याला सांगण्याआधी खुर्ची घरात आणून फिरवून बघा. खुर्ची त्याच्या मापाची घ्या आणि खाली चांगली गादी ठेवा. गादीत काटकसर केली की लाल डाग परत येतो. बसलेला असताना दर वीस-तीस मिनिटांनी एक-दोन मिनिटं पुढे किंवा बाजूला झुकून भार काढायचा, हे त्याने स्वतः करायचं.

शक्य असेल तर त्याला काही आठवडे पुनर्वसन केंद्रात ठेवा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून आहे. खुर्चीतून पलंगावर स्वतः जाणं, नळी घालणं, कातडी आरशात तपासणं तिथे शिकवतात. त्याहून मोठा फायदा म्हणजे त्याच्यासारखे दहाजण त्याला दिसतात. तुमच्या बाजूला येणं सोपं असेल तर कोल्हापूरची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्थाही आहे. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी ती १९८४ मध्ये सुरू केली, आणि सिंधुदुर्गात याच संस्थेच्या काजू प्रक्रिया उद्योगात अपंग माणसं काम करतात.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट सतत टोचत राहिली. तुमच्या पत्रात आईंचं म्हणणं आहे, भावजयीचं आहे, इंजेक्शनवाल्यांचं आहे. ज्याचे पाय गेले त्याचं एवढंच कळतं की पाय कुठे आहेत आणि ते जळतात. त्याला काय हवंय हे कुठेच नाही. तो ३१ वर्षांचा आहे, त्याची जीभ आणि डोकं शाबूत आहे, आणि घरातले त्याच्या उशाशी बसून त्याच्याबद्दल बोलतात. त्याला विचारा. स्टेम सेलबद्दल, नळीबद्दल, बाथरूमच्या दाराबद्दल. आणि तो ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणाला, तर ते उत्तर मानू नका; दोन दिवसांनी पुन्हा विचारा. सुन्न बसत असेल, जेवत नसेल, जगून काय करू म्हणत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. ‘मन खंबीर कर, पाय येतील’ हे वाक्य कृपा करून बंद करा. पाय आले नाहीत की त्याचा दोष त्याच्या मनावर येतो.

नवरा-बायकोचा एक विषय तुम्ही मोठे भाऊ म्हणून लिहू शकला नसता, म्हणून मीच लिहिते. अशा इजेनंतर शरीरसंबंध आणि मूल, दोन्हींचे रस्ते बंद होत नाहीत, फक्त वैद्यकीय मदत लागते. ही माहिती त्या दोघांनी थेट डॉक्टरांकडून घ्यावी, आणि तेव्हा तुम्ही आणि आई बाहेर बसावं.

कण्याच्या इजेची वाट नेहमी झाडावरून पडूनच येते असंही नाही. मणक्याचा क्षय, गाठ, मानेत झिजून रज्जूवर दाबणारा मणका, हे हळूहळू येतात. चालताना तोल जातो, चप्पल पायातून सुटते, शर्टाची बटणं लागेनाशी होतात, रात्री पाठ दुखून ताप येतो. आणि कंबरदुखीच्या माणसाला मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी तुंबली, तर सकाळची वाट पाहू नका. तासांवर खेळ असतो. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातली, म्हणजे पाठीच्या सहाव्या मणक्याची किंवा त्याच्या वरची जुनी इजा असलेल्यांना अचानक डोकं ठणकून घाम फुटला तर त्यांना ताबडतोब बसतं करा, नळी आणि पोट तपासा. रक्तदाब धोकादायक चढलेला असतो.

पैशांचं. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. संजय गांधी निराधार योजना आणि साहित्याच्या सवलती त्यावरच मिळतात. सातबारा तुमच्या घरच्यांच्या नावावर आहे, तेव्हा तालुका कृषी कार्यालयात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेबद्दलही विचारा. मुदत कमी असते, चार महिने झालेत, तरी जाऊन उत्तर लेखी घ्या. इस्पितळाच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवा.

राहिल्या आई. शेक बंद म्हटल्यावर त्या दुखावतील, कारण मुलासाठी त्यांना येणारं तेवढं एकच काम होतं. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवा आणि घोटे, गुडघे, खुबे सावकाश हलवण्याचा व्यायाम आईंच्या हाताला शिकवून घ्या. सांधे आखडू न देण्यासाठी तो रोज लागतोच, आणि तेल लावण्यापेक्षा त्यांना जास्त वेळही लागेल.